'मदरबोर्ड गेलाय' म्हणाले आणि रॅम काढून घेतली

मी लालबागला घरून डीटीपी करते. ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. माऊस जागच्या जागी थिजायचा, कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं, पंखा मात्र फिरत राहायचा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जड फाईल उघडली की हमखास. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा चालू.

नेटवर 'घरी येऊन दुरुस्ती' असा नंबर मिळाला. जो मुलगा आला, त्याने कॅबिनेटचं झाकणसुद्धा काढलं नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांच्या ओळी दाखवल्या. कर्नल-पॉवर 41, क्रिटिकल. "बघा ताई, मदरबोर्ड गेलाय. दुकानात न्यायला लागेल."

हा 'पुरावा' तुम्हालाही दाखवतील, म्हणून सांगते. 41 नंबरच्या नोंदीचा अर्थ एवढाच, की आधीच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. मशीन अडकल्यावर बटण दाबून बंद केलं की ही नोंद पडतेच. वीज गेली तरी पडते. मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात त्या मुख्य बोर्डाचं, नाव त्यात कुठेही नसतं. पण लाल रंग आणि इंग्रजी अक्षरं बघून समोरचा गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

टॅक्सीत घालून कॅबिनेटचा डबा गेला, चार दिवसांनी परत आला. 'मदरबोर्ड रिपेअरिंग व सर्व्हिसिंग', 6,800 रुपये. साध्या कागदावर बिल, ना पत्ता ना जीएसटी नंबर. जेमतेम दोन दिवस चाललं आणि परत तेच. वर आणखी संथ झालेलं.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी असं बघितलं तर रॅम 8 जीबी. माझ्याकडे 16 होती, आठ-आठच्या दोन पट्ट्या. झाकण काढलं. मदरबोर्डच्या स्क्रूंवर, कडांवर वर्षानुवर्षांची राखाडी धूळ तशीच बसलेली. बोर्ड दुरुस्त करायला तो काढावा तर लागेल ना! स्वच्छ होता तो फक्त एक रॅमचा स्लॉट. रिकामा.

फोन केला तर उत्तर, "एकच होती, ताई. तुम्हीच कधी काढली असेल." खरेदीच्या बिलावर दोन लिहिल्या होत्या, पण सिरियल नंबर नव्हते. त्यामुळे त्यांचं तोंड बंद करता येईना.

शेवटी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेले. तिथल्या एका काकांनी माझ्यासमोरच डबा उघडला. आधी विचारलं, "कधी अडकतं? जड काम करताना?" हो म्हटल्यावर मल्टिमीटर लावला. एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, 12 व्होल्टच्या लाइनवर लोड आला की आकडा 11.1 वर उतरत होता. 11.4 ते 12.6 च्या आत राहायला हवा. दुसरा एसएमपीएस जोडून तीच फाईल तासभर चालवली, एकदाही अडकलं नाही. नवीन एसएमपीएसचे 2,300 रुपये, बिल पक्कं. बाकी एसएमपीएस घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

हँग होण्याची कारणं अनेक. रॅम, तापलेला प्रोसेसर, मरायला आलेली डिस्क, एसएमपीएस. रॅम तपासायला विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, फुकट. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावूनही बघता येतं. हे काही न करता जो आल्या आल्या मदरबोर्डवर बोट ठेवतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

डबा बाहेर द्यायचाच असेल तर झाकण काढून रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड यांच्या स्टिकरवरचे सिरियल नंबर दिसतील असे फोटो काढा, नेणाऱ्याकडून त्याच नंबरांची पोच सहीनिशी घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. त्यानंतर त्याच मुलाचा फोन आला, "ताई, पंधराशे देतो, तक्रार मागे घ्या." मी रॅम मागितली. तक्रार अजून चालू आहे.