ताओर्मिना की एरिचे? सिसिलीत डोंगरावरच्या गावासाठी एकच दिवस असेल तर

हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी उलट विचारते: विमान कुठे उतरतंय? कातानियाला उतरणार असाल तर ताओर्मिना, पालेर्मो किंवा त्रापानीला उतरणार असाल तर एरिचे, आणि विषय संपला. एक गाव बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरं पार पश्चिम टोकाला, मध्ये ३०० किलोमीटरहून जास्त रस्ता. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट करू नका. पण गाडी घेऊन बेटभर फिरणार असाल आणि एकच दिवस मोकळा असेल, तर मात्र निवड करावीच लागते.

ताओर्मिनाला लोक जातात ते तिथल्या प्राचीन नाट्यगृहासाठी, आणि त्यात काही चूक नाही. मूळ बांधणी ग्रीकांची, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. आज दिसतं ते विटांचं काम बरंचसं रोमनांचं. वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसा. रंगमंचामागची भिंत मधोमध ढासळलेली आहे आणि त्या खिंडारातून खाली निळा उपसागर, वर एटना. ज्वालामुखीच्या माथ्यावर बहुतेक वेळा धुराची एक रेघ असतेच. भिंत अखंड होती तेव्हा प्रेक्षकांना हे दिसतही नसणार. पडली ते आपल्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. एकच सावधगिरी: उन्हाळ्यात इथे संध्याकाळी कार्यक्रम होतात, त्यांचे दिवे, सांगाडे, खुर्च्या दिवसाही तिथेच असतात आणि फोटोत येतात.

नाट्यगृह सोडलं तर उरतो कोर्सो उंबेर्तो, म्हणजे पोर्ता मेसिना ते पोर्ता कातानिया या दोन वेशींमधला रस्ता. देखणा आहे, पण दुकानं महागडी आणि गर्दी अशी की गणपतीतला लक्ष्मी रोड आठवावा. दुपारी तर तिथे थांबूच नका. केबल कारनं खाली मात्सारोला उतरा आणि इझोला बेल्लाच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर पाय बुडवून बसा. डोंगरावरचं गाव आणि पोहायला समुद्र एकाच दिवशी, हे एरिचेला इतकं सहज जमत नाही.

एरिचेला असं एक ठरलेलं ठिकाण नाही. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, ताओर्मिना जेमतेम २००. त्रापानीहून केबल कार दहा-बारा मिनिटांत वर पोचवते, पण जोराचा वारा सुटला की ती बंद. मग बस किंवा गाडी. वर गेल्यावर नकाशा खिशात टाका. गाव त्रिकोणी, हरवलात तरी थोड्या वेळानं कुठल्या तरी तटाशी येताच. गल्ल्यांतली फरसबंदी बघण्यासारखी आहे: मोठ्या दगडांच्या चौकटी, आत बारीक दगड, पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. धुकं पडलं की त्यावरून पाय सटकतो. कडेला व्हीनसचा किल्ला आहे. देवीचं देऊळ होतं त्या जागी नॉर्मनांनी बाराव्या शतकात बांधलेला. तिथून त्रापानीची मिठागरं आणि पलीकडे एगादी बेटं दिसतात. दिसली तर. भर उन्हाळ्यातही अचानक ढग येऊन सगळं पुसून टाकतात. खाली त्रापानीत लख्ख ऊन आणि वर दहा पावलांवरचं घर दिसेना, असा माझा अनुभव. मला ते आवडलं, सोबतच्या मावशींना अजिबात नाही. ‘हेच बघायचं होतं तर माथेरान काय वाईट होतं?’ हे त्यांचं मत.

खाण्यात मात्र माझं झुकतं माप एरिचेला. जेनोवेझे हा तिथला गोड पदार्थ: खुसखुशीत आवरण, आत दुधाळ कस्टर्ड, वर पिठीसाखर, गरम असतानाच खायचा. शाकाहारी लोकांनी जेवायला बुझ्याते हा पिळाचा पास्ता मागवावा, पण बदाम, टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीचं बेझिल असं वाटण लावलेला. ताओर्मिनाच्या बाजूला वांग्याचा पास्ता अल्ला नोर्मा, आणि सकाळी ब्रिओश या मऊ गोडसर पावासोबत बदामाची ग्रानिता, म्हणजे गोळ्यासारखा रवाळ बर्फ. आरांचिनी, म्हणजे आत सारण भरलेले भाताचे तळलेले गोळे, दोन्हीकडे मिळतात, पण ‘अल बुर्रो’ म्हणजे नुसतं लोणी असं समजू नका. त्यात बहुतेक वेळा हॅमही असतं.

तर कुणी कुठे जावं? पहिल्यांदाच सिसिलीला जाणाऱ्यानं ताओर्मिना, नाट्यगृह उघडताच आत शिरण्याच्या बोलीवर. लहान मुलं असतील तरी तेच, समुद्र आहे म्हणून. गुडघे दुखणाऱ्यांना दोन्हीकडे त्रास, पण कोर्सो त्यातल्या त्यात सपाट. ज्यांना वाट चुकण्यात मजा येते त्यांनी एरिचे, सकाळी आकाश बघून निघावं आणि ऑगस्ट असला तरी पिशवीत एक स्वेटर टाकावा. मावशींनी तो माझा घातला होता.