बाजारातला एक्सल घरीच बसवला: पोळ्यापासून आखाजीपर्यंतचा अनुभव

माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा उजवा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, मी पोळ्याच्या सुमारास अंगणातच बदलला. आता आखाजीही (अक्षय्य तृतीया) होऊन गेली. एवढ्या दिवसांत गाडी चाळीसगाव-पाचोरा-जळगाव रस्त्यावर कायम पळाली, अधूनमधून कन्नड घाट चढून संभाजीनगरला गेली आणि उरलेला पावसाळाभर कपाशीच्या वावरापर्यंत चिखल तुडवत राहिली. एवढ्या वापरानंतर सांगतो, वस्तू घेण्यासारखी आहे. बसवल्यानंतर तीन तक्रारी निघाल्या, त्यांतली एकच एक्सलची होती. बाकीच्या दोन त्याच्या नावावर खपल्या असत्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जुना एक्सल गेला तो फाटलेल्या बुटामुळे, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणामुळे. चाकाकडच्या सीव्ही जॉइंटवरचं (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा) रबर चिरलं की ग्रीस बाहेर आणि आपली काळी माती आत. ती ग्रीसमध्ये मिसळली की जॉइंटला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढली की कट-कट-कट असा आवाज यायचा. हा आवाज एकदा सुरू झाला की नुसता बूट बदलून काही होत नाही, जॉइंटमधल्या गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या असतात.

डीलरकडच्या भावाच्या साधारण निम्म्यात बाजारातला पूर्ण एक्सल मिळाला. दुकानातच जुना शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दाते आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) रिंग जुळवून घ्या. गिअरबॉक्स एका अंगाला असल्यामुळे डावा आणि उजवा एक्सल लांबीला वेगळे असतात, आणि खोक्यावरच्या लेबलवर मी तरी विसंबत नाही.

बसवण्याबद्दल थोडंच सांगतो. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचेच. गिअरबॉक्सकडचं टोक आत ढकलताना लॉक बसल्याचा 'टच्' असा झटका हाताला लागला पाहिजे. मग आतल्या जॉइंटची वाटी धरून बाहेर ओढून बघा, यायला नको. मधला दांडा धरून ओढायचं नाही, त्याने आतला जॉइंटच सुटतो. चाकाच्या हबचा नट नेहमी नवा, आणि ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा दीडशे न्यूटन-मीटरच्या वरच असतो, नेमका आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. त्या नटाच्या दाबावर चाकाच्या बेअरिंगचं आयुष्य अवलंबून असतं, म्हणून लांब पाइप लावून अंदाजाने आवळणं मला पटत नाही.

पहिली तक्रार चारच दिवसांत निघाली. सकाळी फरशीवर गाडीखाली तेलाचा डाग. पातळ, उग्र वासाचं, म्हणजे गिअर ऑइल. सीव्ही जॉइंटचं ग्रीस काळं आणि घट्ट असतं, ते खाली थेंब थेंब पडत नाही, फिरत्या चाकाच्या आतल्या अंगाला पट्टा मारल्यासारखं उडतं. एवढा फरक ओळखला तरी अर्धं निदान होतं. एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं जुनं ऑइल सील कडक झालेलं होतं आणि एक्सल काढल्या-घातल्यावर त्याने पकड सोडली. सील किरकोळ किमतीचं असतं, एक्सलसोबतच घेऊन ठेवा. ते बदललं आणि गाडी सपाटीला उभी करून लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरलं. तेव्हापासून फरशी कोरडी आहे.

दुसरी तक्रार फार छळणारी होती. तिसऱ्या-चौथ्या गिअरला जोर दिला की गाडी थरथरायची, सीटखाली जाणवेल अशी. अॅक्सिलरेटर सोडला की लगेच शांत. चाकाचा बॅलन्स बिघडला असता तर पाय काढल्यावरही त्या वेगाला थरथर राहिली असती. बेअरिंगचा घूं-घूं आवाज असता तर तो वळणावर वजन एका बाजूला गेलं की कमी-जास्त झाला असता. जोर दिल्यावरच येणारी थरथर बहुतेक वेळा गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटकडे बोट दाखवते. नवा जॉइंट खराब निघाला असं म्हणून दुकानदाराकडे जाण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात शेजारचे ट्रॅक्टरचे जुने मिस्त्री आले. "काय व्हयनं भाऊ?" म्हणत त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. समोर कोणी उभं नाही याची खात्री करून मी हँडब्रेक ओढला, ब्रेक पक्का दाबला, पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडला, मग रिव्हर्समध्ये तसंच. ते बाजूला उभं राहून बघत होते. इंजिन दर वेळी सहज उचलून आपटत होतं. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं, त्यांतल्या एका माउंटिंगचं रबर पार फाटलेलं निघालं. इंजिन एका अंगाला बसलं की आतल्या जॉइंटचा कोन बदलतो आणि जोर पडला की तो थरथरतो. जुन्या एक्सलच्या कटकटीत हे झाकलं गेलं होतं. माउंटिंग बदलल्यावर थरथर गेली, एक्सलला हातही लावावा लागला नाही. त्या माणसाने हे केवळ इंजिनाच्या हालचालीवरून ओळखलं, याचं मला अजूनही मोल वाटतं.

तिसरी तक्रार मात्र एक्सलचीच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. त्या दिवसांत चाकाकडच्या बुटाच्या लहान तोंडाशी ग्रीसची ओलसर कड दिसायला लागली. रबर शाबूत होतं, बूट आवळून धरणारी, कंपनीने दिलेली पट्टी सैल होती. स्टेनलेस स्टीलची पट्टी आवळून टाकली, ग्रीस थांबलं. ही पट्टी बसवण्याआधीच बदलावी असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या चांगल्या एक्सलवर अशी पातळ पट्टी द्यायला नको होती.

आता पूर्ण वळणावरही आवाज नाही, घाटात जोर दिला तरी थरथर नाही. डाव्या बाजूच्या बुटाच्या घड्यांत मात्र बारीक चिरा दिसायला लागल्यात. तो जॉइंट अजून शांत आहे, म्हणून तिथे पूर्ण एक्सल घेणार नाही. जॉइंट काढून डिझेलमध्ये धुऊन, नीट सुकवून, मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस भरून फक्त बूट बदलणार आहे, आणि तेही मृगाचा पहिला पाऊस पडून वावरात चिखल होण्याआधी.