न्यू जर्सीतल्या अंगणात कुठलं गवत: टॉल फेस्क्यू की केंटकी ब्लूग्रास?

न्यू जर्सीत घर घेतलं की ऑगस्ट संपता संपता हा प्रश्न येतोच, कारण पेरणीचा खरा हंगाम तोच: ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. जमीन उबदार असते, हवा गार होऊ लागलेली असते आणि क्रॅबग्रास या उन्हाळी तणाचा जोर ओसरत असतो. एप्रिलमध्ये पेरलेलं कोवळं गवत मात्र मुळं धरायच्या आत जुलैच्या उन्हात सापडतं. थंडी आणि बर्फ दोन्ही गवतं सोसतात. खरा फरक कळतो तो उन्हाळ्यात.

टॉल फेस्क्यूची मुळं मोकळ्या जमिनीत दोन-तीन फूट खोल जातात, त्यामुळे पाणी कमी पडलं तरी ते बराच काळ हिरवं राहतं. झाडांची थोडी सावली चालते, खतही कमी लागतं. बी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं. पण ते झुबक्यांनी वाढतं. फुटवे फुटतात, आडवं पसरत नाही. मुलांनी क्रिकेट खेळून खेळपट्टी केली, तर ती जागा तुम्ही बी टाकेपर्यंत तशीच राहणार. दमट, गरम रात्री त्यावर ब्राउन पॅच ही बुरशी येते. पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्या आणि उन्हाळ्यात नत्र देऊ नका, म्हणजे ती बरीच आटोक्यात राहते.

ब्लूग्रास आपल्या हरळीसारखं पसरतं, फक्त त्याची आडवी खोडं जमिनीखालून धावतात. उघडी पडलेली जागा ते स्वतःच भरून काढतं. दिसायलाही तेच देखणं: बारीक पात, गडद निळसर हिरवा रंग. पातीचं टोक बोटावर घेऊन पाहा, होडीच्या नाळेसारखं असतं. दाबलं की मधोमध चिरतं. पण या देखणेपणाला खत, पाणी आणि भरपूर ऊन लागतं. बी उगवायलाच दोन ते चार आठवडे जातात आणि तोवर वरची माती रोज ओली ठेवावी लागते.

आता आपल्या घरांतला नेहमीचा मुद्दा: शाळांना सुट्टी लागली की महिनाभर भारतात. मागे पाणी घालायला कोणी नसेल, तर ब्लूग्रास वाळल्यासारखं तपकिरी होऊन झोपी जातं आणि पाऊस पडला की बहुतेक वेळा पुन्हा फुटतं. फेस्क्यू जास्त दिवस हिरवं राहतं, पण जिथे मेलं तिथे टक्कलच पडतं. त्यातही नव्या वसाहतीत यंत्रांनी दाबलेली माती आणि वर चार बोटं सुपीक थर असला, तर मुळं खोल जाऊच शकत नाहीत आणि फेस्क्यूची मोठी जमेची बाजूच जाते. म्हणून बी निवडण्याआधी ओल्या जमिनीत लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सहा इंच सहज गेला नाही, तर आधी एरेशन, म्हणजे यंत्राने जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करणं, करून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. दिवसभर ऊन, स्प्रिंकलर आणि लॉनची मनापासून आवड, हे तिन्ही असेल तरच निव्वळ ब्लूग्रास. बाकी घरांना वजनाने नव्वद टक्के फेस्क्यू आणि दहा टक्के ब्लूग्रास. दहा टक्के कमी वाटतील, पण ब्लूग्रासचं बी इतकं बारीक असतं की दाण्यांच्या हिशेबात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो. फेस्क्यू घेताना ‘केंटकी ३१’ची स्वस्त पिशवी टाळा; ती जाड, रुंद पातीची जुनी जात आहे. ‘टर्फ टाइप’, म्हणजे खास लॉनसाठीची बारीक पातीची जात घ्या आणि लेबलवर तणाच्या बियांचं प्रमाण शून्य किंवा अगदी नगण्य आहे ना, ते वाचा.

हजार चौरस फुटांना फेस्क्यूप्रधान मिश्रण सहा ते आठ पाउंड लागतं, निव्वळ ब्लूग्रास दोन-तीन पाउंड. कापणी तीन ते साडेतीन इंचांवर, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पात नको. खताचं म्हणाल तर न्यू जर्सीत घरमालकांना १५ नोव्हेंबर ते १ मार्च ते टाकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शरद ऋतूतला हप्ता त्याआधीच देऊन टाका.