ईएसआयच्या भत्त्याला फी नसते, मी मात्र साडेसात हजार मोजले

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत अकरा वर्षं एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासायला होतो. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जायचा. दिवाळीनंतर मालकानं कारखाना बंद केला आणि हिशेब हातात दिला. वय ४३, थोरली बारावीला, आणि ग्राइंडर सोडून दुसरं काही हाताला येत नाही.

गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर एक पोरगा भेटला. गळ्यात आयकार्ड, बगलेत फाइल. "मामा, ईएसआय कापायचं न्हवं तुमचं? मग दोन वर्षं निम्मा पगार मिळतोय की. फक्त सीएनसीचा कोर्स लावायला लागतोय. आमच्यात लावा, फाइल मी पास करून आणतो." सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. कोर्सचे ६,००० आणि फाइलचे १,५००.

सगळंच खोटं बोलला असता तर मी उठून गेलो असतो. पण योजना खरी आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर विमा असलेल्या कामगाराला पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या निम्मे आणि पुढचे १२ महिने पाव हिस्सा मिळतो. दोन वर्षं निम्मा नव्हे. एवढा एक पाव त्यानं गिळला आणि माझ्या डोक्यात महिन्याला आठ हजार फिरायला लागले. १६,००० वर दरमहा १२० रुपये कापले जायचे. ते कशाचे, हे अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. माझीच चूक.

कोर्स म्हणजे एका दुकानावरची खोली. एक कॉम्प्युटर, वीस खुर्च्या. "मशीन कुठाय?" विचारलं तर म्हणाला, आधी स्क्रीनवर शिकायचं. कूलंटचा वास नाही, जमिनीवर धातूची एक चिप नाही, भिंतीवर तेवढा व्हीएमसी मशीनचा पोस्टर. फौंड्रीत केस पिकलेल्या माणसाला तिथंच कळायला पाहिजे होतं. तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि गोल शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं.

मग त्यानं आधार, पासबुक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. ओटीपीही देणार होतो, पण बायकोनं मोबाइल हातातून काढून घेतला. "भत्ता यायचाय तर बँकेचा ओटीपी ह्याला कशाला?" त्या दिवसापासून "साहेब रजेवर आहेत" सुरू झालं. महिन्याभरानं फोनच बंद.

शेवटी मी स्वतः ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. माझ्या विमा नंबरावर एकही अर्ज नव्हता. खिडकीवरच्या मॅडमनी पावती उलटसुलट बघितली. "पैसे कशाचे दिले? अर्जाला फी नाही. तुम्ही योजनेत बसलात तर ट्रेनिंगची फीसुद्धा ईएसआय भरतं." ज्याचे पैसे मला मिळायचे, तेच मी भरून आलो होतो.

त्यांनीच दुसरी योजनाही सांगितली, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी सुटल्यावर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के. २०१८ ला निघाली तेव्हा २५ टक्केच होते. त्याला आधीची दोन वर्षं विम्याची नोकरी लागते. नोकरी सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत पुन्हा ७८ दिवस. ही योजना मुदतीवर चालते आणि मुदत वाढवत आणतात, तेव्हा जाल तेव्हा चालू आहे का ते आधी विचारा. ठेकेदाराकडं असाल तर त्यानं खरंच वर्गणी भरली का, हेही तिथंच बघून घ्या. आमच्यातल्या दोघांची मधली सहामाही कोरी निघाली.

पोलिसांत तक्रार दिली आहे, स्टॅम्पपेपरचाही त्यात उल्लेख केलाय. साडेसात हजार परत येतील असं वाटत नाही. कुणाचे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. मी रोख दिलेले, पावती फक्त त्याच्याच शिक्क्याची.

राजीव गांधी योजनेचा अर्ज मी तिथल्याच बाकावर बसून भरला. पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं पेन शोधण्यात गेली.