मिरज-सांगलीतली मराठी मंडळी: सभासद होऊन काय हाती लागतं, कुठं अडतं

मिरजेत बदलून आलेलं ख्रिस्ती कुटुंब पहिल्याच आठवड्यात भाड्याच्या घराइतक्याच निकडीनं मंडळीची, म्हणजे इथल्या चर्चच्या सभासदांच्या समुदायाची, चौकशी करतं. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली इथं दवाखाना उभा केला. तेव्हापासून नर्सिंग शिकायला, नोकरीला, नाहीतर पेशंट घेऊन येणाऱ्यांची ये-जा या गावाला सवयीची आहे, त्यामुळे नव्या माणसाला इथल्या मंडळ्यांत बावरायला होत नाही. दारातच कुणीतरी ‘सलाम’ म्हणतं, गाव विचारतं आणि बाकावर सरकून जागा देतं. स्वागताला पैकीच्या पैकी गुण. कागदपत्रांच्या कामाला मात्र जेमतेम पासापुरते.

उपासनेला कुणीही येऊन बसावं, कुणी अडवत नाही. पण बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, दफनभूमीतली जागा आणि वार्षिक सभेतलं मत, ही कामं रजिस्टरात नाव असल्याशिवाय सहसा पुढं सरकत नाहीत. म्हणून जुनं गाव सोडतानाच तिथल्या पाळकसाहेबांकडून (चर्चच्या धर्मगुरूंकडून) बदलीचं पत्र घ्या. त्यात घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झालंय की नाही आणि वर्गणी कुठवर भरली आहे, एवढं हवंच. पत्र नंतर फोनवरून मागवायचं म्हटलं की महिने जातात. तोवर तिथल्या पाळकांची बदली झालेली असते आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘शमुवेल’, शाळेत ‘सॅम्युएल’. दाखल्यावर नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आधार कार्डावर आडनावही. लग्न नोंदवताना किंवा पासपोर्टच्या वेळी हेच नेमकं आडवं येतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी रजिस्टरात सही करण्याआधी जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. पाच मिनिटं लागतात. दाखल्याची झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. 2005, 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. या गावात कागद तळमजल्यावरच्या कपाटात ठेवून निर्धास्त राहता येत नाही, आणि हे घराला लागू आहे तसंच मंडळीच्या कचेरीलाही.

लग्नाची तारीख हॉल मिळाल्यावर नव्हे, पाळकांशी बोलून ठरवा. लग्नाची सूचना साधारणपणे तीन रविवार उपासनेत वाचली जाते, आणि मुलगी दुसऱ्या गावची असेल तर तिच्या मंडळीतूनही वाचावी लागते. दोन महिने हाताशी ठेवले की धावपळ होत नाही. काही ठिकाणी या वेळी मागची थकलेली वर्गणी एकरकमी मागतात, त्याशिवाय दाखला देत नाहीत. हे चूक आहे. वर्गणीवर मंडळी चालते, पाळकांचा पगार निघतो, हे मान्य. पण रोजंदारीवरच्या माणसाला नेमकं लेकीच्या लग्नात पेचात धरणं मंडळीला शोभत नाही. हप्ते बांधून द्यावेत, दाखला अडवू नये.

गाणं ही इथली खरी श्रीमंती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांची भजनं आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात, आणि अभंगाच्या चालीत ती लागली की शेवटच्या बाकावरची म्हातारीही न बघता म्हणते. पण नव्या माणसाच्या हातातल्या पुस्तकात शब्दच असतात, चाल जुन्यांच्या गळ्यात. महिनाभर पेटीजवळ बसा, आपोआप उमगते. सतार-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत पेटी बेसूर ठेवणं मात्र माफ नाही. कर्कश स्पीकरवर खर्च करण्याआधी ती दुरुस्त करून घ्यावी.

मुलांना मंडळी आपली वाटायला लावायची असेल तर हंगामाच्या सणाला जरूर न्या. शाळूची कणसं, उसाची मोळी, ओली हळद, तासगावकडचे बेदाणे, शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढं मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एखादा भोपळा घेणारा पैसे भरतो आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला ठेवतो. तो चार हातांतून फिरतो, दर वेळी मंडळीच्या खात्यात भर पडते. सोबत सुटे पैसे आणि पिशवी ठेवा. बोली लागली की पैसे तिथंच चुकते करा, उधारी ठेवली की वर्षभर हिशेब जुळत नाही.

आजारपणात मंडळीची किंमत कळते. दवाखान्यात कुणी असलं की महिला मंडळ डबा पाळीनं वाटून घेतं, पाळक खाटेपाशी येऊन प्रार्थना करतात. फक्त कळवावं लागतं: वॉर्ड, खाट क्रमांक, भेटीची वेळ आणि पेशंटचं पथ्य. मीठ बंद असलेल्या माणसासाठी खारी आमटी आली तर दोष आणणाऱ्या बाईचा नसतो.

आणि घरात मृत्यू झाला तर आधी पाळकांना फोन करा, बाकीचे फोन मंडळीच लावते. शवपेटीसाठी सुताराला उंची आणि खांद्यांची रुंदी सांगावी लागते. घरच्यांनी अंदाजानं सांगू नये, मंडळीतल्या माहीतगार माणसाला टेप घेऊन येऊ द्यावं. इथली माती बव्हंशी काळी. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळाशी पाणी साचतं. म्हणून खणणाऱ्यांना सकाळीच पाठवावं, बाजूंना लावायला फळ्या द्याव्यात आणि पाणी उपसायला दोन बादल्या. दफनानंतर बरीचशी माणसं घरापर्यंत परत येतात, आणि त्या घरी त्या दिवशी चूल पेटवू देत नाहीत. पिठलं-भाकरी शेजारच्या घरून येते.