कॉलेजचं पार्किंग, स्टिकर आणि साखळी : आठ महिन्यांनंतर

पुण्यातल्या एका कॉलेजात जुलैपासून सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतेय आणि त्याच महिन्यात तिथं पार्किंगची नवी सिस्टिम सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून थांबले. कॉलेजचं नाव विचारू नका, पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर निघायचीय अजून.

सिस्टिम अशी. हिरवा स्टिकर स्टाफचा, निळा विद्यार्थ्यांचा, ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं गेटवर लायसन्स ठेवायचं आणि व्हिजिटर पास घ्यायचा. स्टाफला मागच्या बाजूला पत्र्याची शेड, पोरांना ग्राउंडलगतची मोकळी जागा, जिथं पिवळ्या पट्ट्याच्या आत गाडी लावायची. पट्ट्याबाहेर दिसली की चाकाला साखळी, २०० रुपये भरा, पावती दाखवा, मग पार्किंग सांभाळणारे काका येऊन कुलूप काढणार. आधी म्हणे सरळ हवा सोडायचे, त्यामानानं हे बरंच सुधारलेलं आहे. रस्त्यावर नो पार्किंगचं चलान पहिल्यांदा ५०० आणि परत सापडलात तर १५०० आहे, त्यामुळे २०० मला जास्त वाटत नाहीत. वैताग पैशांचा नाहीच.

वैताग स्टिकरचा. फॉर्मला आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी, सगळ्याच्या झेरॉक्स लावायच्या. मी डिजिलॉकर दाखवलं तर क्लार्क म्हणाले, "मॅडम, ते पोलिसांना दाखवा." म्हणजे २०१८ पासून जे रस्त्यावर चालतं ते आमच्या खिडकीत चालत नाही. माझी स्कूटर बार्शीची, एमएच १३, आरसी भावाच्या नावावर, मग भावाचं संमतीपत्र आणा. तेही आणलं. शेवटी रकाना आला 'कायम / विद्यार्थी'. मी दोन्हीपैकी काहीच नाही. ऑर्डरची कॉपी लावा म्हणाले, आणि सीएचबीची ऑर्डर कधी हातात पडते हे ज्यांना माहितीये त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तोपर्यंत रोज सकाळी सव्वासातला गेटवर लायसन्स ठेवायचं आणि आपल्याच वर्गातल्या पोरांच्या मागे लाईनीत उभं राहायचं. एकदा ते परत घ्यायचंच विसरले आणि धायरीपर्यंत बिनालायसन्सची गेले, घरी पर्स उघडल्यावर कळलं.

स्टिकर मिळाल्यावर बरोबर नवव्या दिवशी साखळी लागली. त्या दिवशी शेड भरलेली, म्हणून काकांनीच ग्राउंडकडे लावा सांगितलं, मी पट्ट्याच्या चांगली हातभर आत लावली, हँडल लॉक केलं आणि लेक्चरला गेले. परत येऊन बघते तर स्कूटर तिरकी, पुढचं चाक पट्ट्याबाहेर आणि त्यात साखळी. मातीत मागच्या चाकाची घसरल्याची रेघ स्पष्ट दिसत होती, म्हणजे कुणीतरी दोघांनी उचलून सरकवली होती, आणि माझ्या मूळ जागेवर एक बुलेट आरामात उभी, निळा स्टिकर, पट्ट्याच्या आत, एकदम नियमात. काकांना रेघ दाखवली. त्यांनी वाकून नीट बघितली आणि म्हणाले, "कळतंय हो मॅडम, पण मला फोटो गाडीचा काढायला सांगितलाय." २०० भरले. या सगळ्या सिस्टिमचा घोळ तिथंच आहे, गाडी सापडते, ढकलणारा सापडत नाही.

यावर काकांनी मला उपाय सांगितला, हँडल लॉक करू नका, म्हणजे कुणी सरकवली तर मी परत सरळ लावून ठेवीन. आणि त्यांच्या डोक्यावरच बोर्ड, 'वाहन लॉक करून ठेवावे, चोरी झाल्यास महाविद्यालय जबाबदार नाही'. मी बोर्ड सोडला आणि काकांचं ऐकलं. तेव्हापासून पाच महिने एकही साखळी नाही. हेल्मेट मात्र एक गेलं, पण त्याचा लॉकशी संबंध नव्हता, आरशाला अडकवून गेले होते, चूक माझीच.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. ग्राउंडकडची माती भिजली की साइड स्टँड रुतायला लागतो, एक गाडी कलंडते आणि तिच्याबरोबर अख्खी ओळ. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी चौदा गाड्या आडव्या मोजल्या. पोरांनी त्यावर स्वतःच तोड काढली, स्टँडखाली फरशीचा तुकडा. आता कुंपणाजवळ फुटक्या टाइल्सचा ढीगच आहे, येताना एक उचलायची, जाताना परत टाकायची. कुठल्याही नोटिशीत नाही आणि सगळे पाळतात. शेड पण काही स्वर्ग नाही, तिचं एक टोक झाडाखाली येतं आणि तिथं वटवाघळं आहेत, जुनी मंडळी तिकडं गाडी का लावत नाहीत ते मला सीट पुसताना कळलं.

अकरावी-बारावीच्या पोरांचा मुद्दा खरंच गंभीर आहे आणि तिथं मी कॉलेजच्या बाजूनं आहे. १६ वर्षं पूर्ण झाली तरी ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडीच चालवता येते, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ज्युनिअरला स्टिकरच नाही. बरोबर आहे. पण मग ती पोरं गाडी बाहेर गल्लीत लावतात आणि सोसायटीवाले आम्हाला ऐकवतात. त्यात हल्ली त्या ताशी २५ किलोमीटरवाल्या बारक्या इलेक्ट्रिक आल्यात, २५० वॅटपर्यंतच्या, त्यांना लायसन्स पण लागत नाही आणि नंबर प्लेट पण नाही. फॉर्मवर 'वाहन क्रमांक' सक्तीचा आहे, यांना क्रमांकच नाही. एका मुलीनं तिथं चक्क स्वतःचा रोल नंबर लिहिला आणि तिला स्टिकर मिळाला. मला दोन महिने लागले होते.

नॅकची, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्यांची, टीम आली तेव्हा पट्टे रंगवले, कुंड्या ठेवल्या आणि तीन दिवस कुणीच गाडी आणायची नाही असं सांगितलं. पार्किंग इतकं सुंदर दिसत होतं. टीमला ते रिकामं कसं काय वाटलं असेल, देव जाणे.

पाचपैकी मार्क द्यायचे तर साडेतीन. गेटवर सकाळी व्हायची ती कोंडी खरंच गेली, इमर्जन्सी गेटसमोर आता कुणी गाडी लावत नाही, पावती मिळते. अर्धा मार्क पूर्णपणे काकांचा, त्यांची बदली झाली तर तो परत घेईन. बदल काय हवा म्हणाल तर एकच, फोटो साखळी घालताना काढता तसा गाड्या लागल्यावर साडेआठला पण एक राउंड मारून काढा, मग कोण सरकवतंय ते आपोआप कळेल. तसा अर्ज दिलाय. आवक नंबर मिळालाय.

सध्या बारावी बोर्डाचं परीक्षा केंद्र आहे म्हणून ग्राउंड बंद, स्टिकर असो नसो सगळे बाहेर. त्यामुळे रोज सकाळी आधी कॅलेंडर बघते, आज सम तारीख की विषम, रस्त्यावरचा बोर्ड पी-१ चा की पी-२ चा, आणि मग कुठल्या बाजूला गाडी लावायची ते ठरवते. स्टिकर ३१ मेपर्यंत व्हॅलिड आहे. ऑर्डर माझी त्याच्या आधीच संपतेय.