तयार सिमेंटची चूल आणावी की मातीची चूल मांडावी?

फेब्रुवारीत कापसाचा शेवटचा वेचा घरी आला, पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं उपटून धुऱ्यावर तिची गंजी लागली, की आमच्याकडे चुलीचा विषय निघतोच. गॅस बहुतेक घरी आहे. पण आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण, मजुरांचा सयपाक आणि रोजच्या जवारीच्या भाकरी हे सगळं सिलिंडरवर करायचं म्हटलं तर तो पुरत नाही, आणि जळण तर दारात पडलेलं असतं. तेव्हा चूल राहणारच. ठरवायचं एवढंच असतं की धुराड्याची तयार सिमेंटची चूल आणून जोडायची, की तशीच दोन भोकांची चूल घरी मातीची मांडायची. मी सहा वर्षं सिमेंटची वापरली, त्यानंतर आजपर्यंत मातीची. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

तयार चूल म्हणजे साच्यात ओतलेले दोन-तीन तुकडे. खाली तळाची फरशी, तिच्यावर पुढचं भोक आणि मागचा औल, म्हणजे मंद आंचेचं दुसरं भोक, असलेलं अंग, आणि पाठीमागे नळी बसवायची खाच. सिमेंटच्या गव्हाणी आणि कुंपणाचे खांब ओतणाऱ्याकडे ती मिळते. सकाळी आणली तर दुपारपर्यंत जोडून होते, मिस्त्रीची गरज नाही, फक्त उचलायला दोन माणसं लागतात. एक गोष्ट मात्र सांभाळा. सांधे सिमेंटने भरू नका, मातीने लिंपा. तापल्यावर अंग फुगतं, निवल्यावर आकसतं. सिमेंटचा सांधा ते सोसत नाही. मातीचा सांधा सुटला तर मूठभर गाऱ्याने पुन्हा भरता येतो.

मातीची चूल मांडायला दोन दिवस लागतात आणि वाळायला दहा-पंधरा. पावसाळ्यात ती वाळतच नाही, म्हणून काम होळीच्या आसपासच उरकावं. ज्यांना आठ दिवसांत घरी लग्न काढायचं आहे त्यांनी तयार चूलच आणावी, तिथे दुसरा विचार नको.

आता विस्तवाचं बघू. माझी सिमेंटची चूल तिसऱ्याच महिन्यात पुढच्या भोकापासून तोंडापर्यंत तडकली. मी आणली तेव्हा ती ओतून चारच दिवस झाले होते, हे मला नंतर कळलं. सिमेंट पुरतं पक्कं व्हायला २८ दिवस धरतात आणि निदान पहिला आठवडा त्याला पाणी पाजावं लागतं. त्यामुळे घेताना कधी ओतली ते विचारा आणि अंगावर किल्ली वाजवून बघा, खणखणीत आवाज यायला हवा. पण नीट पिकलेलं सिमेंटही विस्तवापुढे कायम टिकत नाही. साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला त्यातला चुना फुटतो, पुढे हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि आतून पापुद्रे सुटू लागतात. पेटलेली पऱ्हाटी तर याहून कितीतरी जास्त तापते. उपाय साधा आहे. जिथे जाळ लागतो त्या आतल्या भागाला इंचभर जाड मातीचा थर द्या आणि पहिले सात-आठ दिवस चार काटक्यांचाच जाळ करा. दुसऱ्या चुलीला मी हे केलं आणि ती पुढची पाच वर्षं चालली.

मातीच्या चुलीला विस्तवाची भीती नाही, पण माती कोणती घेता यावर सगळं आहे. शेतातली काळी माती कधीच नको. उन्हाळ्यात ती शेतात जशी भेगाळते, तशीच चुलीतही भेगाळते. गावठाणाची पांढरी माती किंवा वारुळाची माती चाळून घ्या, त्यात बारीक कुटार (भुसा) आणि शेण मिसळून तीन दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. भंडारा-गोंदियाकडे कुटाराच्या जागी धानाचं तूस घालतात. गारा जमला की नाही हे बघायला त्याचा लिंबाएवढा लाडू करून सावलीत वाळवा. भेग पडली तर कुटार वाढवा, बोटाने भुगा सुटला तर माती वाढवा. माझा तिसरा लाडू जमला होता, आणि त्या गाऱ्याची चूल अजून उभी आहे.

खरा फरक मला तोंडाशी जाणवला, आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपली भाकर तव्यावर अर्धी होते, फुगते ती चुलीच्या तोंडाशी, ओढलेल्या निखाऱ्यावर. तयार चुलीचं तोंड लहान असतं, कारण तोंड मोठं झालं की धुराड्याची ओढ कमी होते. मग भाकर टेकवायला जागा उरत नाही. बाया काय करतात, तर सब्बलीने (पहारीने) तोंड मोठं करतात, आणि त्या दिवसापासून धूर पुन्हा घरात. चूक बाईची नाही, साचा भाकर धरून केलेलाच नसतो. मातीच्या चुलीत तोंड लहानच ठेवून त्याच्यापुढे वीतभर लांब, दोन बोटं खोल निखाऱ्याचा ओटा करता येतो. भाकरही फुगते, धूरही वर जातो.

भोकांचंही तसंच. धुराड्याच्या चुलीत दोन्ही भोकं भांड्याने झाकलेली हवीत, नाहीतर तिथूनच धूर निघतो. मातीत तुमच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाप्रमाणे भोक घेता येतं. तयार चूल आणायला जाताना मात्र घरचा तवा आणि रोजचा गंज पिशवीत घालून न्या आणि ठेवून बघा. औलावर आंच मंदच असते. तिथे वरण शिजतं, पाणी तापतं, पण भाकरीचा तवा तिथे चालत नाही. हे दोन्ही चुलींत सारखंच.

धुराडं हे अर्धं काम आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चूल निघाली, तिच्यातही धूर नळीनेच बाहेर काढला होता. नळी चार इंची घ्या आणि छपराच्या आढ्याच्या निदान दोन फूट वर न्या. कमी ठेवली तर वारं धूर खाली दाबतं. सिमेंटच्या पत्र्याची नळी असेल तर ती कोरडी करवतू नका, तिची धूळ छातीला घातक असते. दुकानातूनच मापात आणा. कवेलूच्या घरात नळी लाकडी फाट्याला किंवा बांबूला टेकता कामा नये. मधे टिनाचं मोठं नळकांडं घालून चारही बाजूंनी वीतभर मोकळं ठेवा. आणि ज्या खोलीत चांगल्या दराची वाट बघत कापूस भरून ठेवला आहे, तिच्या बाजूने धुराडं कधीच काढू नका. पऱ्हाटीच्या ठिणग्या हलक्या असतात, उडत जातात. दर महिन्याला नळी झाडा. दोरीला पोत्याचा बोळा आणि खाली दगड बांधून वरून सोडला की काजळी उतरते.

पायाचं थोडक्यात सांगते. घर काळ्या मातीवर असेल तर जमीन हलते आणि सिमेंटचं अंग तिच्याबरोबर तडकतं. अर्धा फूट मुरूम ठोकून त्यावर विटा आडव्या घाला. मातीच्या चुलीलाही पडलेली भेग दिसते, पण सारवलं की मिटते.

पण सारवणार कोण? मातीची चूल आठवड्याला पोतेरं मागते. निंदणाच्या दिवसांत सकाळी सहाला शेतात जाणाऱ्या बाईला तेवढी उसंत नसते. घरात म्हातारी माणसंच असतील, किंवा घर भाड्याचं असेल, तर सिमेंटची आणा आणि आतून माती लावा. घर आपलं आहे, पांढरी माती जवळ आहे आणि रोज दहा-बारा भाकरी होतात, तिथे मी मातीचीच सांगेन. लोखंडी उचलत्या चुलीबद्दलही विचारणारे आहेत. पाणी तापवायला ती ठीक, पण धुराडं नसलं तर ती घरात पेटवू नये.

आणि यातली कोणतीही चूल घेतली तरी अंगणातले तीन दगड काढून टाकू नका. लांबपोळी ज्यावर भाजतात ते मातीचं भांडं उलटं ठेवायला मोठा उघडा जाळ लागतो, आणि तेवढा जाळ धुराड्याच्या कोणत्याच चुलीत मावत नाही.